नंबर लावणाऱ्यांचा नंबर कधी लागणार?

दवाखान्यातील स्वागतकक्षाचे वेतन : कायद्याने ठेवलेले अंतर दहा टक्क्यांचे, व्यवहाराने ते कितीतरी वाढविले

प्रतिनिधी, बुलडाणा

चिखली, खामगाव किंवा मलकापूर येथील कोणत्याही दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमारास पाऊल ठेवले, की डॉक्टरांच्या आधी गाठ पडते ती दाराजवळच्या टेबलाशी. टेबलावर एक जाड वही, दोन मोबाइल, केसपेपरचा गठ्ठा आणि अलीकडे एक संगणक. पलीकडे बसलेली मुलगी किंवा क्वचित मुलगा एका कानाला फोन लावून खेड्यावरून येणाऱ्यांची नावे लिहून घेत असतो, समोरच्या गर्दीला गप्प बसवीत असतो आणि त्याच वेळी 'डॉक्टर कधी येणार?' या प्रश्नाला दिवसातून शंभरदा तेच उत्तर देत असतो. रुग्णालयाच्या भाषेत याला स्वागतकक्ष म्हणतात, मोठ्या शहरात 'फ्रंट ऑफिस' किंवा 'अपॉइंटमेंट डेस्क'. वऱ्हाडात त्याचे साधे नाव आहे 'नंबर लावणे'.

काम सर्वत्र सारखेच. रुग्णाला वेळ देणे, जुना केसपेपर शोधणे, तातडीचा रुग्ण कोणता हे ओळखून त्याला पुढे घेणे, पैसे घेऊन पावती फाडणे, पुढच्या तपासणीची तारीख सांगणे. मोबदला मात्र सारखा नाही. मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयात या कामासाठी रीतसर जाहिरात निघते, नियुक्तिपत्र मिळते, भविष्य निर्वाह निधी कापला जातो. तालुक्याच्या गावी पगार तोंडी ठरतो, रोखीने मिळतो आणि वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. हा फरक 'गाव लहान, खर्च कमी' या एका वाक्यात बहुधा निकालात काढला जातो. ते वाक्य कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे. गेली सत्तर वर्षे लागू असलेली किमान वेतनाची चौकट नुकतीच बदलली आहे आणि बदलाच्या या काळात ज्या कामाला नाव नाही ते पुन्हा बाहेरच राहण्याची भीती आहे.

कायद्याचा तक्ता काय सांगतो?

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने राज्यांना निरनिराळ्या उद्योगांसाठी किमान दर ठरविण्याचे अधिकार दिले. महाराष्ट्रातील अशा अनुसूचित उद्योगांत रुग्णालये आहेत आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांचे दवाखानेही स्वतंत्रपणे आहेत. हे दर ठरविताना राज्याची परिमंडळांत विभागणी केली जाते. त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे दुकाने व व्यापारी आस्थापनांचा तक्ता. त्यात महापालिका व छावणी क्षेत्रे पहिल्या परिमंडळात, नगर परिषदांची क्षेत्रे दुसऱ्यात आणि उर्वरित सर्व भाग तिसऱ्यात मोडतो.

जुलै २०१९ मध्ये या तक्त्यातील मूळ दर सुधारण्यात आले. कुशल कामगारासाठी पहिल्या परिमंडळात दरमहा ११,६३२ रुपये, दुसऱ्यात ११,०३६ रुपये आणि तिसऱ्यात १०,४४० रुपये. अर्धकुशल कामगारासाठी हेच आकडे १०,८५६, १०,२६० आणि ९,६६४ रुपये असे आहेत. यावर ग्राहक मूल्य निर्देशांकाशी जोडलेला विशेष भत्ता मिळतो आणि तो दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी व १ जुलै रोजी बदलतो. रुग्णालये व दवाखाने यांचे तक्ते वेगळे असले तरी परिमंडळे व कौशल्याच्या श्रेणी हीच त्यांचीही पद्धत आहे.

या आकड्यांकडे बारकाईने पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की परिमंडळाची एक पायरी केवळ ५९६ रुपयांची आहे. मुंबईतील कुशल कामगार आणि बुलडाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील कुशल कामगार यांच्या मूळ दरांत १,१९२ रुपयांचे, म्हणजे जेमतेम दहा टक्क्यांचे अंतर शासनाने मान्य केले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कुशल आणि अर्धकुशल यांच्यातील पायरी ७७६ रुपयांची, म्हणजे परिमंडळाच्या पायरीहून मोठी आहे. थोडक्यात, तुम्ही कोठे काम करता यापेक्षा तुमचे काम कोणत्या श्रेणीत धरले जाते, याला कायद्याच्या लेखी अधिक मोल आहे. बुलडाण्यातील नंबर लावणाऱ्यांचे खरे दुखणे या दुसऱ्या मुद्द्यात दडलेले आहे.

महापालिका नसलेला जिल्हा

बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २६ लाख, त्यातील शहरी वस्ती साधारण एकपंचमांश. जिल्ह्यात अकरा नगर परिषदा आणि मोताळा, संग्रामपूर या दोन नगर पंचायती आहेत. महापालिका एकही नाही. शेजारी मात्र अकोला, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या महापालिका आहेत आणि २०२३ मध्ये जालन्याचीही महापालिका झाली. त्यामुळे जिल्ह्याची हद्द ओलांडली, की अनेक दिशांना पहिल्या परिमंडळातील शहर लागते.

खामगाव ते अकोला हे अंतर सुमारे ५० किलोमीटरचे आहे. वरील तक्त्याच्या हिशेबाने या दोन ठिकाणांच्या मूळ वेतनातील फरक महिन्याला ५९६ रुपये, दिवसाकाठी वीस रुपयांच्या आसपास. एवढ्यासाठी कोणी रोज एसटीने ये-जा करणार नाही. म्हणजे कायद्याची अंमलबजावणी अक्षरशः झाली, तर खामगावचा दवाखाना आणि अकोल्याचे रुग्णालय यांच्या पगारांत डोळ्यांत भरण्याजोगे अंतर राहणारच नाही. प्रत्यक्षात ते राहते. शहरातील मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींतील वेतन आणि तालुक्याच्या गावी तोंडी ठरणारा पगार यांतील तफावत दहा टक्क्यांत मावणारी नाही, हे या क्षेत्रातील कोणीही मान्य करील.

राहणीमानाच्या खर्चाची सबब किती ताणता येते?

गाव बदलल्यावर वेतन किती बदलावे, याचे काही ठरीव नमुने उपलब्ध आहेत. केंद्र सरकारच्या सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत मूळ वेतन देशभर एकच आहे. बदलतो तो घरभाडे भत्ता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर, २०२४ पासून, शहरांच्या तीन वर्गांसाठी हा भत्ता मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाला. १९,९०० रुपये मूळ वेतन असलेल्या लिपिकाला मुंबईत ५,९७० रुपये घरभाडे मिळते, तर बुलडाण्यासारख्या तिसऱ्या वर्गातील ठिकाणी १,९९० रुपये. मूळ वेतन व घरभाडे मिळून बुलडाण्याचा लिपिक मुंबईच्या लिपिकापेक्षा सुमारे १५ टक्के मागे राहतो. दोघांना सारखाच असणारा महागाई भत्ता धरला, तर हे प्रमाण आणखी खाली येते.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतही अशीच पद्धत आहे. तेथील रुग्णालयांत स्वागतकक्षात बसणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन राष्ट्रीय श्रेणीनुसार ठरते. लंडनच्या मध्यभागी त्यावर २० टक्के, बाह्य लंडनमध्ये १५ टक्के आणि लगतच्या पट्ट्यात ५ टक्के पूरक भत्ता दिला जातो. तेथेही तीन परिमंडळेच आहेत, मात्र त्यांचा पाया एका श्रेणीवर उभा आहे.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथील केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर थांबलेले आहे. मिसिसिपी राज्याचा स्वतःचा कायदाच नसल्याने तेथे तोच दर लागू होतो, तर वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये किमान दर ताशी १६.६६ डॉलर होता. कायद्यातच दुपटीहून मोठे अंतर! तथापि तेथे एक सोय आहे. 'वैद्यकीय सचिव व प्रशासकीय सहायक' असा स्वतंत्र व्यवसाय सरकारी श्रम-सांख्यिकी विभाग मोजतो आणि त्याचे वेतन राज्यनिहाय व शहरनिहाय दरवर्षी प्रसिद्ध करतो. २०२३ मध्ये या व्यवसायाचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ४० हजार डॉलर होते. आपल्या गावात आपल्याला कमी मिळते की काय, हे तेथील कर्मचारी घरबसल्या पाहू शकतो. आपल्याकडे नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ घटक झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु दवाखान्यातील या कामाचे जिल्हावार वेतन सांगणारा कोणताही सरकारी तक्ता प्रसिद्ध होत नाही.

या सर्व नमुन्यांचा निष्कर्ष एवढाच, की जेथे राहणीमानाचा विचार करून वेतन ठरविले जाते तेथे गावागावांतील फरक दहा ते वीस टक्क्यांच्या घरात राहतो. त्यापलीकडचा फरक घरभाड्याच्या नावावर खपविता येत नाही. बुलडाण्यात घरभाडे मुंबईपेक्षा कितीतरी कमी आहे, यात शंका नाही. परंतु गॅस सिलिंडर, मोबाइलचे रिचार्ज, औषधे आणि मुलांच्या शिकवण्या गाव पाहून स्वस्त होत नाहीत.

मग अंतर पडते कोठे?

पहिले कारण मालकांच्या संख्येत आहे. पुण्यात एका रुग्णालयाने पगार वाढविला नाही, तर त्याच रस्त्यावर दुसरे रुग्णालय असते. लोणार किंवा जळगाव जामोदसारख्या गावी दवाखाने मोजके, डॉक्टर एकमेकांचे परिचित आणि पगाराचा 'चालू भाव' सर्वांना ठाऊक. शिवाय या कामावर प्रामुख्याने मुली व विवाहित स्त्रिया आहेत. संध्याकाळची शेवटची एसटी, घरची स्वयंपाकाची वेळ आणि 'गावातच असेल तर कर' ही घरच्यांची अट यांमुळे त्यांना दुसऱ्या गावची नोकरी जवळपास बंद असते. ज्याला जागा सोडता येत नाही त्याला भावही करता येत नाही.

दुसरे कारण उमेदवारांची गर्दी. पदवीधर, डी.एड. झालेल्या, संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलींना जिल्ह्यात बसून करण्याजोग्या नोकऱ्या थोड्या आहेत. एका जागेसाठी ओळखीतून चार जणी तयार असतात.

तिसरे कारण डॉक्टरांच्या बाजूचे आहे आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. कापूस आणि सोयाबीन यांवर चालणाऱ्या या जिल्ह्यात रुग्णांच्या खिशाचे गणित हंगामावर ठरते. पेरणीच्या दिवसांत ओपीडी ओस पडते आणि मालाचे पैसे हाती आले की भरते. तपासणी शुल्क शहराच्या मानाने कमी ठेवावे लागते, परंतु सोनोग्राफीचे यंत्र बुलडाण्यातील डॉक्टरला स्वस्त मिळत नाही आणि त्याच्या कर्जाचा हप्ताही कमी होत नाही. उत्पन्न गावाचे आणि यंत्रांचा खर्च शहराचा, अशा कोंडीत जेथे कात्री लावणे सोपे असते तेथे ती लागते, म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाच्या पगाराला.

चौथे कारण सर्वांत मूलभूत आहे. लहान दवाखान्यात या कामाला नावच नाही. पूर्वी कंपाउंडर पुड्या बांधायचा, नंबर लावायचा आणि झाडूही मारायचा. पुड्या गेल्या, पण 'पडेल ते काम' ही रीत टिकली. शहरात नोंदणी, देयक, दूरध्वनी आणि विम्याची कागदपत्रे यांसाठी चार वेगळी माणसे असतात. तालुक्याच्या दवाखान्यात ती चारही कामे एकच मुलगी करते, शिवाय रक्तदाब मोजते आणि सलाइन संपले की परिचारिकेला हाक मारते. काम अधिक, परंतु नियुक्तिपत्र नसल्याने ती कागदावर कुशल नाही, अर्धकुशल नाही. खरे तर कागदावर ती नाहीच.

हे काम खरोखर 'साधे' आहे?

श्रेणीचा हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. सोनोग्राफी केंद्राचे उदाहरण घ्यावे. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ' नमुना भरावा लागतो आणि महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. हा नमुना अपुरा राहणे ही किरकोळ कारकुनी चूक समजावी, अशी मागणी करणारी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये फेटाळली. जबाबदारी अर्थातच डॉक्टरची. परंतु नाव, पत्ता, वय, आधीची अपत्ये ही माहिती विचारून लिहिण्याचे काम बहुधा त्याच टेबलावर होते.

बुलडाणा जिल्ह्यात या कागदाला विशेष अर्थ आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, तर या जिल्ह्यात केवळ ८५५. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलडाण्याचा समावेश झाला तो याच कारणाने. ज्या कागदातील एका रिकाम्या रकान्यावरून डॉक्टरला न्यायालयात उभे राहावे लागू शकते, तो भरणाऱ्या व्यक्तीचे काम 'साधे' कसे ठरते, याचे उत्तर कोणीतरी द्यावयास हवे.

संगणकाने हे टेबल नाहीसे होईल, असाही एक समज आहे. सरकारी रुग्णालयांसाठी ऑनलाइन नोंदणीची सोय २०१५ मध्ये आली. ओपीडीच्या रांगेसाठी क्यूआर संकेत मोबाइलने टिपण्याची पद्धत २०२२ मध्ये सुरू झाली. शहरातील रुग्ण ॲपवरून वेळ घेतात. परंतु मेहकर किंवा सिंदखेडराजा तालुक्यातील खेड्यातून आलेली सत्तरीची बाई आपला नंबर मोबाइलवर लावीत नाही. तिला विचारणारे माणूसच लागते. तंत्रज्ञानाने टेबल गेले नाही, उलट वहीबरोबर संगणकही सांभाळण्याचे काम वाढले.

नवा कायदा, जुनी पळवाट

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि १९४८ च्या कायद्याची जागा तिने घेतली. या संहितेतील चार तरतुदी बुलडाण्यातील या टेबलासाठी महत्त्वाच्या आहेत. किमान वेतनाचा हक्क आता विशिष्ट अनुसूचित उद्योगांपुरता नाही. तो सर्व कर्मचाऱ्यांना आहे. केंद्राने तळाचे वेतन ठरवावयाचे असून राज्यांना त्याखाली जाता येणार नाही. मालकाने वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे. आणि थकीत वेतनाचा दावा करण्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षांची झाली आहे. किमान दर ठरविताना कौशल्य आणि भौगोलिक क्षेत्र हेच निकष राहणार असल्याने परिमंडळ व श्रेणी यांचा वाद संपलेला नाही, तो नव्याने मांडण्याची संधी मात्र आली आहे.

दुसरीकडे पळवाटाही आहेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रुग्णालये, दवाखाने व प्रसूतिगृहे यांचा समावेश आहे. परंतु त्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होत्या आणि ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. भविष्य निर्वाह निधीलाही वीस कर्मचाऱ्यांची अट आहे. पाच-सात माणसांचा दवाखाना या सर्वांतून सुटतो आणि 'आम्हाला कायदा लागू नाही' असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. किमान वेतनाला कर्मचाऱ्यांच्या संख्येची अट पूर्वीही नव्हती, आजही नाही. एकच मुलगी कामावर असली तरी तो दर तिला लागू होतो.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत बुलडाण्याचे महाविद्यालय आहे. जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. उपचारासाठी अकोला वा संभाजीनगर गाठणारे रुग्ण काही प्रमाणात येथे थांबू लागतील आणि नोंदणीच्या टेबलांची संख्या वाढेल, अशी अपेक्षा आहे. ही टेबले कोणत्या अटींवर भरली जाणार, हे आताच ठरले पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. रुग्णालये व दवाखाने यांसाठी नवे दर काढताना राज्याने 'नोंदणी व स्वागत कर्मचारी' असा उल्लेख करून त्याची श्रेणी निश्चित करावी. कामगार विभागाने तालुक्याच्या ठिकाणी या दरांचा फलक लावावा. डॉक्टरांच्या स्थानिक संघटनांनी नियुक्तिपत्र आणि बँकेतून पगार ही किमान शिस्त स्वतःहून स्वीकारली, तर तपासणीची वेळ येणारच नाही. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. ती बहुधा स्वागतकक्षाच्या भिंतीवर, तेथे बसणाऱ्या मुलीच्या पाठीमागेच लावलेली असते. येणाऱ्या प्रत्येकाला ती आपला हक्क सांगते. तिच्या स्वतःच्या दराचा कागद मात्र त्या भिंतीवर नाही.

मुंबई आणि बुलडाणा यांच्यात दहा टक्क्यांचे अंतर असावे, हे शासनाने ठरविले आहे. त्यावरचे अंतर कोणीही ठरविलेले नाही, ते केवळ पडून राहिले आहे. रोज शेकडो रुग्णांना क्रमाने आत सोडणाऱ्यांचा स्वतःचा क्रम कधी येणार, हे आता त्या दरपत्रकाच्या एका ओळीवर अवलंबून आहे.